देवाचे सभागृह कोणाचे?

देऊळ कोणाचे असे विचारले, तर लहान मूलही सांगेल की देवाचे. धर्मशाळा कोणाची म्हटले, तर वाटसरूंची. पण एखाद्या धार्मिक संस्थेने कीर्तन, गायन, नाटक, व्याख्यान यांसाठी मोठे सभागृह बांधले आणि त्याच्या दारावर 'सर्व समाजासाठी' अशी पाटी लावली, तर ते कोणाचे? देवाचे म्हणावे, तर तेथे मूर्ती नाही. संस्थेचे म्हणावे, तर पाटी आड येते. सर्वांचे म्हणावे, तर किल्ली एकाच्याच कमरेला असते. गेली दोन वर्षे हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. तो माझ्या एकट्या गावचा असता, तर मासिकाची पाने अडवली नसती. पण हल्ली गावोगाव अशी सांस्कृतिक भवने उभी राहत आहेत, आणि ती बांधणाऱ्यांत आपण माळकरी मंडळीही पुष्कळ आहोत. म्हणून तो वाचकांपुढे ठेवतो.

आधी घडलेली हकीकत सांगतो. तीत दुसऱ्या कोणाची निंदा करण्याचा हेतू नाही. दोष काढायचाच झाला, तर पहिला माझा निघेल.

आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. खाली तापीकाठचे काळे, कसदार रान आणि वर सातपुड्याच्या रांगा, अशी त्याची ठेवण. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे येथील शंभरांत सुमारे ६९ माणसे आदिवासी समाजांतील आहेत. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची अशी त्यांची नावे. सपाटीच्या गावांत अहिराणी, गुजरी, मराठी बोलतात. डोंगरात भिल्लांच्या आणि पावऱ्यांच्या बोली चालतात. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरच्या प्रकाशाला लोक दक्षिणकाशी म्हणतात. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची मोठी जत्रा भरते. अशा ठिकाणी डोंगरची आणि सपाटीची माणसे एकाच धुळीतून चालतात. जत्रेच्या मैदानाला दार नसते, त्यामुळे आत कोण आणि बाहेर कोण हा प्रश्नच तेथे निघत नाही. दार आले की तो निघतो.

आमचे गाव तापीकाठचे. गावातल्या आमच्या संस्थेने पुष्कळ वर्षांच्या खटपटीने सभागृह उभे केले. मी त्या समितीचा चिटणीस. जागा ग्रामपंचायतीने दिली, थोडा पैसा सरकारी निधीतून आला, उरलेली वर्गणी. कोणी दहा हजार दिले, कोणी कापसाच्या पट्टीतून दोनशे कापून दिले. स्लॅब पडला त्या दिवशी सालदारांनी आणि मजुरांनी एक दिवसाची मजुरी सोडली. त्यांत निम्म्याहून अधिक आदिवासी होते. रंगमंच झाला, मखमली पडदा आला, लाऊडस्पीकर आला, खुर्च्या आल्या. दारावर अक्षरे कोरली, 'सर्व समाजाच्या कला व संस्कृतीसाठी'. ती अक्षरे मीच सुचवली होती, आणि खरे सांगायचे तर त्यांचा मला अभिमान वाटत होता.

उद्घाटनाच्या दिवशी मोठे पाहुणे येणार होते. स्वागताला आदिवासी नृत्य ठेवावे, छान दिसते, असे समितीत ठरले. मी ओळखीने धडगावकडच्या डोंगरातून एक पार्टी बोलावली. मोठा ढोल, पावरी, कमरेला घुंगरांचे पट्टे, डोक्यावर मोरपिसांचे टोप. दहाला यायचे पाहुणे साडेबाराला आले. तोवर ही मंडळी फाटकापाशी उन्हात नाचत होती. पाहुण्यांनी हात जोडले, फोटो निघाले, सगळे आत गेले आणि दार लोटले गेले. आत दिवा लावला, भाषणे झाली, सत्कार झाले, भजन झाले, मग पंगती बसल्या. नाचणारी माणसे बाहेर कडुलिंबाखाली बसून राहिली. तीन वाजता कोणाला तरी आठवण झाली, तेव्हा शेव-बुंदीचे पुडे त्यांच्याकडे पाठवले. ते घेऊन मीच गेलो.

ढोलवाला म्हातारा होता. त्याने पुडा मांडीशी ठेवला, इमारतीकडे पाहिले आणि बाजारच्या अहिराणीत मला विचारले, "भाऊ, हाई एवढं मोठं घर कोनं शे?"

मी म्हटले, "समदासनं शे, बाबा."

"मंग मजार कोन बठेल शे?"

'मजार' म्हणजे आत, हे खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. घर सगळ्यांचे असेल तर आत कोण बसले आहे, हे त्याला खरोखरच समजून घ्यायचे होते. मला उत्तर सुचले नाही. पाणी पाठवतो म्हणून मी तेथून उठलो.

पुढे चार महिन्यांनी त्याच पार्टीतला एक शिकलेला मुलगा अर्ज घेऊन आला. रोडाली गाण्यासाठी त्यांना सभागृह एक रात्र हवे होते. रोडाली म्हणजे सातपुड्यातील भिल्लांची पिढ्यान् पिढ्या तोंडोतोंडी चालत आलेली गाणी. अर्ज समितीपुढे गेला. एकाने विचारले, "भाडं झेपेल का यांना?" दुसरा म्हणाला, "दारू पिऊन येतील, मग निस्तरायचं कुणी?" तिसऱ्याने देवाच्या वास्तूचे पावित्र्य काढले. शेवटी 'अर्ज पुढील सभेपुढे ठेवावा' असा ठराव झाला. तो ठराव माझ्याच हस्ताक्षरात आहे. अर्ज अजून फायलीत पडून आहे आणि येत्या वार्षिक सभेत तो पुन्हा निघणार आहे. तेथे काय बोलावे याचा विचार करता करता हा लेख झाला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सभागृहात श्रोता म्हणून येण्यास आम्ही कोणाला कधी अडवले नाही. कीर्तनाला कोणीही येऊन बसतो. म्हणून आम्हांला वाटत होते की आमचे सभागृह सार्वजनिक आहे. पण समोर बसून ऐकण्याची मोकळीक आणि वर उभे राहून आपले म्हणणे, आपले गाणे मांडण्याची मोकळीक, या दोन गोष्टी एक नाहीत. पहिली देताना आपले काही जात नाही, उलट श्रोते वाढतात. दुसरी देताना मात्र आपल्याला खाली बसून ऐकावे लागते. सर्वांसाठी म्हणून बांधलेल्या सभागृहाची परीक्षा या दुसऱ्या ठिकाणी होते, असे मला आता वाटू लागले आहे.

देव आणि कला यांचे नाते नवे नाही. आपल्याकडच्या कित्येक जुन्या पाषाणी देवळांत सभामंडपाच्या मध्यभागी एक गोल, किंचित उंच शिळा असते. तिला रंगशिळा म्हणतात. देवापुढे गायन, नर्तन करणाऱ्यांची ती जागा. म्हणजे देऊळ बांधणाऱ्या कारागिरांनी गाभाऱ्याबरोबर कलेचीही जागा आखून ठेवली होती. पंढरपुरी सोळखांबीत उभे राहिले की, कीर्तनासाठी देवाने आपल्या दारातच ओसरी दिली आहे, असे वाटते. तेव्हा धार्मिक संस्थेने कलेसाठी घर बांधणे यात गैर काही नाही, ती जुनी रीतच आहे.

परंतु त्या रंगशिळेचा दुसरा इतिहासही विसरून चालणार नाही. गोमंतकातील देवळांत कलावंत घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या गाण्या-नाचण्याची सेवा केली. अशा घराण्यांतून केसरबाई केरकर, मोगुबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका आल्या, ज्यांचा पुढे देशाने पद्मभूषण देऊन सन्मान केला. १९०० साली मंगेशीस जन्मलेले दीनानाथ मंगेशकर यांचेही नाते अशाच परंपरेशी होते. देवळांना त्यांचे सूर हवे होते. पण त्या सुरांच्या धन्यांना समाजात मान मिळण्यासाठी किती काळ जावा लागला! कला देवाला पोचली आणि कलावंत पायरीवर राहिला. आमच्या फाटकापाशी त्या दिवशी याहून वेगळे काय झाले?

आपल्या संतांच्या कथा या बाबतीत अगदी स्पष्ट आहेत. औंढ्या नागनाथाला नामदेवराय कीर्तनास उभे राहिले, तेव्हा तेथील पुजाऱ्यांनी त्यांना समोरून उठवून देवळामागे घालवले. मग देऊळच फिरले आणि देव कीर्तनाकडे तोंड करून राहिला, अशी कथा आपण शेकडो वेळा ऐकली आहे. ऐकताना आपण नामदेवांच्या बाजूने डोळे पुसतो. परंतु कथेत माणसे दोन प्रकारची आहेत, एक गाणारा आणि दुसरे उठवणारे. आपण सभागृहाच्या समितीवर बसतो तेव्हा आपली जागा कोणत्या बाजूला असते, हे तपासून पाहावे. देव देऊळ फिरवतो की नाही हे त्याचे त्याला ठाऊक. मागे कोणाला घालवायचे नाही, एवढे आपल्या हातात आहे.

चोखोबांची कथा तर याहून जड आहे. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधण्याच्या कामावर ते होते. १३३८ साली ती भिंत कोसळली आणि तिच्याखाली त्यांचा अंत झाला. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. आत जाण्याची तेव्हा सोय नव्हती. भिंत ज्याच्या हातांनी उभी राहते, त्याला भिंतीच्या आत जागा नसते, हे दुःख आपल्या संप्रदायाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. स्लॅबच्या दिवशी मजुरी सोडणारे ते सालदार मला या ठिकाणी आठवतात. दारावरच्या संगमरवरी पाट्यांवर देणगीदारांची नावे आहेत. त्यांचे नाव कोठे नाही.

कोणी म्हणेल, या फार जुन्या गोष्टी झाल्या. तर मग १९४७ सालची घ्या. पंढरीचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे रोजी पंढरपुरास उपोषण आरंभले. गुरुजी आमच्या खानदेशाचे झालेले. १९२४ पासून सहा वर्षे त्यांनी अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिकवले. उपोषणास बसण्यासाठी पंढरपुरात त्यांना जागा मिळणे कठीण झाले होते. तेव्हा तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. १० मे रोजी उपोषण सुटले. या हकीकतीत आपण गुरुजींचे स्मरण करतो ते योग्यच. पण चिटणिसाच्या खुर्चीवर बसल्यापासून मला तनपुरे महाराजांचे स्मरण अधिक होते. मठ वारकऱ्यांचा, परंपरा वारकऱ्यांची, गावातल्या पुष्कळांचा विरोध. अशा वेळी किल्ली ज्याच्या हाती होती त्याने दार उघडले. उपोषण करणे सर्वांना साधणारे नाही. हाती असलेली किल्ली फिरवणे बहुतेकांना साधेल.

आता आमच्या समितीत निघालेल्या शंकांचा विचार करू. त्या शंका घेणारी माणसे वाईट नव्हेत. पहाटे उठून काकडा करणारी, एकादशी न मोडणारी अशी ती आहेत. म्हणून त्यांना उत्तरही नीट दिले पाहिजे.

पहिली शंका देणगीदारांची. 'आमच्या बापजाद्यांच्या नावे पैसा दिला तो भजन-कीर्तनासाठी, नाचगाण्यासाठी नव्हे.' हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ज्या हेतूने दान मागितले तो हेतू पाळणे हे विश्वस्तांचे कर्तव्यच आहे. पण मग आम्ही मागताना काय म्हणून मागितले? पावतीपुस्तकावर 'कला व संस्कृती' असे छापले होते. ग्रामपंचायतीकडे जागा मागताना सर्व गावाचे नाव पुढे केले होते. घेताना सर्वांचे नाव आणि वापरताना काहींचे, असा व्यवहार बाजारात कोणी केला, तर त्याला आपण काय म्हणतो? शिवाय दान देणे म्हणजे त्या वस्तूवर तुळशीपत्र ठेवणे. तुळशीपत्र ठेवल्यावरही जो हात मागे घेत नाही, त्याने दान दिले नाही, गहाण ठेवले.

कायद्याचीही दिशा हीच आहे. १९५० साली सार्वजनिक विश्वस्तांचा कायदा झाला, तो आता महाराष्ट्राच्या नावाने चालतो. त्याप्रमाणे नोंदलेल्या संस्थेची मिळकत विश्वस्तांच्या घरची नसते, ते तिचे राखणदार असतात. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्या जोडीला, सरकारी पैशाने चालवलेली किंवा लोकांच्या वापरासाठी अर्पण केलेली ठिकाणेही सांगितली आहेत. जात, धर्म, वंश यांच्या नावाने तेथे कोणाला अडवता येत नाही. परंतु आपण परमार्थी माणसे. कायद्याने धरण्यापूर्वीच आपले मन आपल्याला धरते की नाही, हा आपला खरा प्रश्न.

दुसरी शंका पावित्र्याची. 'हे लोक सणाला दारू पितात, मांस खातात. त्यांना देवाच्या वास्तूत कसे घ्यावे?' येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. सभागृहात कसे वागावे याचा नियम करण्यास कोणाची ना नाही. नशा करून कोणी यायचे नाही, हा नियम पाटलाच्या मुलाला आणि पाड्यावरच्या मुलाला सारखाच लावा. लग्नसराईत आमचे सभागृह भाड्याने जाते, तेव्हा वऱ्हाडात काय काय चालते ते आम्ही पाहिलेले आहे. त्या वेळी पावित्र्य कोणी काढले नाही, अनामत रकमेतून काय कापायचे एवढेच काढले. तेव्हा नियम वागणुकीला असावा. माणूस कोठून आला याला तो लावू नये.

आणि व्रताचेच म्हणाल, तर अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी एकदा पाहून यावी. अंगावर राखेचे ठिपके काढलेले, मोरपिसांचे टोप घातलेले जे बाबा तेथे रात्रभर नाचतात, ते हौसेने नाचत नाहीत. नवस असतो. त्यासाठी ते होळीच्या आधी काही दिवस नेम पाळतात, ब्रह्मचर्याने राहतात, खाटेवर न निजता जमिनीवर निजतात. पहाटे होळी पेटेपर्यंत ढोल थांबत नाही. याला व्रत म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? आपल्या गळ्यातली माळ हे आपले व्रत आहे, ते आपल्यासाठी. तिचे कुंपण करून दुसऱ्याच्या वाटेत घालू नये.

याच आरशात मला आमच्या उद्घाटनाची चूक अधिक स्पष्ट दिसली. ज्या नाचामागे नेम आहे, देव आहे, तो आम्ही 'छान दिसते' म्हणून फाटकापाशी उभा केला. उद्या कोणी आपल्या दिंडीला हॉटेलच्या दारात पाहुण्यांच्या स्वागतासाठी दहा मिनिटे पावल्या खेळायला सांगितले, टाळ-मृदंग चांगला दिसतो म्हणून, तर आपल्याला काय वाटेल? रोडालीला दार बंद ठेवणे ही एक चूक. नाच शोभेपुरता बोलावणे ही दुसरी, आणि माझ्या मते ती पहिलीहून मोठी. पहिलीत निदान आपण त्यांना नको म्हणतो. दुसरीत हवे म्हणतो आणि माणूस मोजत नाही.

तिसरी शंका अशी, की 'एकदा दार उघडले की उद्या तमाशा येईल. त्यालाही हो म्हणणार का?' या शंकेला घाबरण्याचे कारण नाही. तमाशाच्या फडात आरंभी गण होतो, मग गौळण होते. गौळण कोणाची, हे वारकऱ्याला सांगायला नको. आणि नाथमहाराजांनी काय केले? पैठणसारख्या क्षेत्री, शास्त्रीपंडितांच्या गावात, त्यांनी भारुडात वासुदेव, गोंधळी, जोशी, बहुरूपी, डोंबारी यांचीच सोंगे घेतली. रस्त्यावर खेळ करून पोट भरणाऱ्यांचा आवाज त्यांनी परमार्थाला लावला. तो आवाज हलका आहे असे त्यांना वाटले नाही. मग सगळेच चालेल का? नाही. ज्या खेळात कोणाला हिणवून हशा पिकवतात, बाईमाणसाची विटंबना होते, तो नको. पण हा नियम कीर्तनाच्या गादीलाही लावा. गादीवर उभे राहून सुनेवर, शिकलेल्या मुलींवर, अमक्या जातीच्या बोलण्यावर विनोद करणारे आपण ऐकलेले आहेत. पडदा आपला, लाऊडस्पीकर आपला, म्हणून त्यांना सूट मिळू नये.

चौथी शंका सर्वांत प्रामाणिक. 'मग संप्रदायाला स्वतःचे असे काही ठेवायचेच नाही का?' जरूर ठेवावे. आमच्या गावी भजनी मठ आहे. तेथे हरिपाठ होतो, पारायण होते, आणि तेथे रोडालीची रात्र कोणी मागितली नाही, मागणारही नाही. ज्याचे त्याचे उपासनेचे घर ज्याला त्याला असावे. सभागृह आपल्याच पंथापुरते हवे असेल, तर तसे बांधण्यातही पाप नाही. फक्त पाटीवर तसे लिहावे आणि पैसाही आपल्यातच मागावा. पाटीवर लिहिलेला शब्द हा गावाला दिलेला शब्द आहे. तो दिलाच नसता तर कोणी मागायला आले नसते. तो दिला, त्याच्या जोरावर जागा घेतली, मजुरी घेतली, आणि आता मागणारा दारात आल्यावर आपण पावित्र्याचा विचार करू लागलो. तो विचार पाटी लावण्यापूर्वी करायचा होता.

आमच्याच जिल्ह्यातील एक उदाहरण देऊन आवरते घेतो. तळोदा तालुक्यात मोरवड-रंजनपूर येथे गुला महाराज होऊन गेले. १९३७-३८ च्या सुमारास त्यांच्या सोमवारच्या आरतीला आदिवासींची प्रचंड गर्दी लोटत असे. दारू सोडा, स्वच्छ राहा, असा त्यांचा उपदेश. १९३८ साली त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी आरती पुढे चालवली. त्या आरतीचे एक वैशिष्ट्य असे, की तेथे जो तो एकमेकांना 'आप' म्हणे. लहान मुलालाही आप. ज्या माणसांना सावकार, शिपाई, जमीनदार यांच्या तोंडून 'अरे' आणि 'ए' याखेरीज हाक ठाऊक नव्हती, ती माणसे एकमेकांना आप म्हणू लागली. ना स्लॅब, ना मखमली पडदा. उघड्या रानात जमलेली ती सभा होती. पण आमच्या सभागृहात जे नाही ते तेथे होते. तेथे येणाऱ्याला तो आत आहे की बाहेर, असा प्रश्न पडत नव्हता.

तेव्हा वार्षिक सभेत मी काय बोलणार ते येथेच लिहून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी जीभ मागे फिरणार नाही. पहिली गोष्ट, तो अर्ज मंजूर करावा आणि विलंब आमच्याकडून झाला असे त्या मुलाला लेखी कळवावे. दुसरी, लग्नसराई टाळून महिन्यातल्या काही रात्री कलेसाठी राखाव्या आणि त्या रात्रींना वीज-झाडलोटीपुरतेच पैसे घ्यावे. तिसरी, जो कोणी रंगमंचावर चढेल त्याला कीर्तनकारासारखाच नारळ, तीच पंगत आणि तीच बिदागी मिळावी. चौथी, गाणारे काय गातील आणि किती वेळ गातील, हे त्यांना विचारून ठरवावे, पाहुण्यांच्या घड्याळावर ठरवू नये. पाचवी, समितीवर पाड्यांवरची दोन माणसे घ्यावी, म्हणजे किल्ली एकाच कमरेला राहणार नाही.

हे सगळे मान्य होईल अशी माझी समजूत नाही. एखादे होईल, एखादे पुन्हा 'पुढील सभेपुढे' जाईल. काही जुने स्नेही माझ्यावर रुसतील. ज्यांच्याबरोबर वीस वर्षे वारी केली, त्यांच्याशी वाद घालणे सोपे नसते. पण वारीत पाऊल चुकले तर शेजारचा वारकरीच हात धरून ताल सांगतो, आणि त्यात अपमान कोणी मानत नाही. हेही तसेच घ्यावे, अशी त्यांना विनंती.

राहिला तो ढोलवाला बाबा. दोन वर्षांपूर्वी त्याने विचारलेल्या दोन साध्या प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर मी तत्काळ दिले होते. दुसऱ्याचे देणे बाकी आहे. ठराव झाला, तर मी स्वतः धडगावच्या वाटेने वर जाईन आणि त्याला म्हणेन, "बाबा, आप या, मजार या. आम्ही खाली बसतो." ठराव झाला नाही, तरी वर जाईनच. निदान त्या दिवशी उठून गेलो याची क्षमा मागून येईन.

वाचकांपैकी ज्यांच्या गावी असे सभागृह आहे, त्यांनी एकदा त्याच्या दारावरची पाटी वाचावी, मग आत बसलेल्यांकडे पाहावे आणि शेवटी दाराबाहेर कडुलिंबाखाली कोणी बसले आहे काय तेही पाहावे.

रामकृष्ण हरी.